आधी एक पावसाळा गोठ्यात काढा

वाचकाचे पत्र

मी येत्या एप्रिलअखेर चिंचवडच्या एका कारखान्यातील टूलरूममधून (साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या विभागातून) ३४ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत आहे. संगमेश्वर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे आणि तेथे कायमचे राहायला जायचे आम्हा दोघांचे पक्के ठरले आहे. घरापुढच्या खळ्यात २० बाय ३० फुटांचे गॅरेज-वर्कशॉप बांधायचे, त्यात साडेचार फुटी लेथ (धातू फिरवत कातण्याचे यंत्र), बेंच ड्रिल, वेल्डिंग, सुतारकामाची टेबल करवत आणि रंधा मशीन बसवायचे, वडिलांची जुनी चेतक स्कूटर पुन्हा चालती करायची, हे स्वप्न मी १५ वर्षे उराशी बाळगून आहे. नकाशा आणि यंत्रांची यादी सोबत जोडली आहे. फंडातून १२ लाख रुपये यासाठी बाजूला काढणार आहे. पत्नीचे म्हणणे असे की, आधी माजघराचे गळके छप्पर करावे आणि खळ्यात काहीही बांधू नये. मुलगा म्हणतो, हवी तेव्हा यंत्रे भाड्याने घ्या. सातबारावर माझ्यासह तीन चुलतभावांची नावे आहेत, पण हरकत कोणाचीच नसते. पावसाळ्यापूर्वी बांधकाम उरकायचे तर सुरुवात कोठून करावी?

– एक वाचक, चिंचवड

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचा नकाशा मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तो कौतुकाने, कारण टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या हाताची रेघ त्यात दिसते. लेथच्या डोक्यापासून भिंतीपर्यंतचे अंतरसुद्धा तुम्ही इंचात लिहिले आहे. दुसऱ्यांदा पाहताना मात्र माझी नजर कागदाच्या वरच्या कोपऱ्यातील एका लहानशा चौकोनावर अडली. त्यात तुम्ही ‘जुना गोठा (रिकामा)’ एवढेच लिहून ठेवले आहे. माझे सगळे उत्तर त्या चौकोनात आहे. यंदा बांधकाम करू नका. गोठा साफ करा, त्यात हत्यारे लावा, एक अख्खा पावसाळा तेथे काम करा आणि दिवाळीनंतर नकाशा पुन्हा काढा.

हा सल्ला तुम्हाला थंड पाणी ओतल्यासारखा वाटेल याची मला कल्पना आहे, म्हणून कारणे सविस्तर सांगतो.

पहिले कारण कॅलेंडरचे. तुम्ही एप्रिलअखेर सुटणार, सामानसुमान हलवून गावी पोहोचायला मेचा पहिला आठवडा उजाडणार, आणि ७-८ जूनला मृग लागतो. मधल्या चार-पाच आठवड्यांत पाया, जोते, चिऱ्याच्या भिंती आणि छप्पर उरकणे कोकणात कोणत्याही गवंड्याला शक्य नाही. त्यातून मे महिन्यात प्रत्येक गवंडी मुंबईकरांच्या घरदुरुस्तीत गुंतलेला असतो. बांधकाम अर्धवट राहिले तर तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस त्या उघड्या भिंतींवर चार महिने कोसळेल. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो आणि पाणी पितो. असा भिजलेला चिरा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आतून ओलाच राहतो आणि त्याच्या सोबतीला तुम्ही बिडाची यंत्रे उभी करणार.

दुसरे कारण सातबाराचे आहे आणि ते मी अधिक गंभीर मानतो. ‘हरकत कोणाचीच नसते’ हे वाक्य कोकणात मी असंख्य वेळा ऐकले आहे, आणि ते पायाचा पहिला चर खणेपर्यंतच खरे असते. सामाईक जमिनीवर एका सहहिस्सेदाराने पक्के बांधकाम केले की, त्या जागेवर त्याने कायमचा हक्क दाखवला असा अर्थ बाकीचे लावतात, आणि त्यांचे तसे वाटणे अगदीच अवाजवी नसते. तुमच्या तिन्ही चुलतभावांना गणपतीला गावी बोलवा, जागा प्रत्यक्ष दाखवा, आणि जमत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करून टाका. सर्वांची संमती असेल तर हे काम पुष्कळ सोपे होते. घर गावठाणात येत असेल तर स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणीनंतर तुमच्या घराची मिळकत पत्रिका निघाली आहे का, याची चौकशी ग्रामपंचायतीत करा, आणि बांधकामाची परवानगी कोणाकडून लागते हेही तेथेच लेखी विचारून घ्या. हे सगळे पावसाळ्यात बसल्या बसल्या होते. गोठा मात्र आधीपासून उभा आहे, त्याच्या साफसफाईला कोणी भाऊबंद आडवा येणार नाही. तरी त्यांना एक फोन अवश्य करा.

तिसरे कारण वहिनींनी सांगितले आहे आणि तुम्ही ते पत्रात एका ओळीत उरकले आहे. तुमच्या नकाशात वर्कशॉप खळ्याच्या दक्षिण बाजूला आहे. एप्रिल-मे महिन्यात दिवसभर ऊन मिळणारी घराभोवतीची सगळ्यात चांगली सपाट जागा तीच असणार. आमसुले, सांडगे, फणसाचे पापड, मिरच्या, भाताचे वाळवण, हे सर्व तेथेच पडते. ‘खळ्यात काहीही बांधू नये’ या वाक्यात तुम्हाला विरोध ऐकू आला, मला जागेची अचूक माहिती ऐकू आली. माजघराच्या छपराबद्दलही त्यांचेच बरोबर आहे. ते काम या १२ लाखांच्या आधी आणि १२ लाखांच्या बाहेरून करा. वासे, रिपा बदलण्याचे काम सुताराबरोबर स्वतः उभे राहून केलेत, तर गावातील लाकूड, तेथील सुतार आणि तुमचा स्वतःचा गुडघा या तिघांचीही ओळख होईल.

आता गोठ्याकडे वळू.

रिकामा गोठा म्हणजे तयार वर्कशॉप नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो. वर्षानुवर्षे गोमूत्र मुरलेल्या जमिनीत आणि भिंतींच्या खालच्या दोन-अडीच फुटांत क्षार साठलेले असतात. भिंतीवर पांढरी भुकटी फुललेली दिसली तर ती हीच. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि लोखंडाला गंज चढवतात. म्हणून जमीन किमान फूटभर खणून माती बाहेर काढा, खाली खडी आणि चिऱ्याची कपची दाबून भरा, त्यावर जाड प्लास्टिकचा अखंड कागद अंथरा, कागद भिंतीवर चार इंच वर चढवा, आणि मग काँक्रीट घाला. कागदाला कामगाराच्या फावड्याने एक भोक पडले तरी जमिनीतला ओलावा तेवढ्या वाटेने वर येतो, त्यामुळे त्या दिवशी तुम्ही स्वतः तेथे हजर असले पाहिजे. गोठ्याची जमीन मुळात गव्हाणीकडून नालीकडे उतरती असते. तो उतार नव्या कोब्यात राहू देऊ नका, कारण उतारावर उभे केलेले यंत्र कधीच पातळीत बसत नाही. हे टूलरूमच्या माणसाला मी सांगावे असे नाही, पण गवंड्याला तुम्ही सांगितलेच पाहिजे. तो सवयीने उतार देतो.

भिंतीचा खालचा भाग खरवडून काही आठवडे उघडा ठेवा, घाईने सिमेंटचा गिलावा करू नका. क्षार आत असताना वर गिलावा केला की तो वर्षभरात पोपडे धरून सुटतो. छपराची कौले उतरवून वासे तपासा, वाळवीच्या मातीच्या रेघा दिसल्या तर ते वासे बदला, आणि वानरांचा उपद्रव असेल तर खाली पत्रा व वर कौले ही अलीकडे कोकणात रुळलेली पद्धत वापरा. कौलांमुळे पत्रा तापत नाही आणि पावसाचा आवाजही सुसह्य होतो. वळचण तीन फुटांची करा, पागोळ्या जोत्यापासून दूर पडल्या पाहिजेत.

दार आणि खिडक्यांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ही गोष्ट एकदा चुकली की यंत्रासारखी बदलता येत नाही. पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येते, म्हणून त्या दोन बाजू शक्य तितक्या बंद ठेवा, आणि मोठी खिडकी उत्तरेला घ्या. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, त्यात हत्याराची सावली कामावर फिरत नाही. व्हर्नियरच्या (बारीक मापे घेण्याच्या साधनाच्या) रेघा वाचायला यासारखा उजेड नाही. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. तुमचे गाव साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर येते, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या खिडकीतून थोडे ऊन आत डोकावते. तीन फुटांची वळचण ते अडवते. दार पूर्वेला, दोन फळ्यांचे आणि किमान सात फूट रुंद ठेवा. माझ्या स्वतःच्या वर्कशॉपला मी तीन फुटांचे दार ठेवले होते. आठ बाय चार फुटांचे प्लायवूड आडवे करून आत यायचे, पण आत आल्यावर ड्रिलच्या स्तंभाला अडून वळायचे नाही. शेवटी मी प्रत्येक प्लायवूड बाहेर अंगणात, पावसाचा अंदाज घेत, हातकरवतीने कापत असे. पाच वर्षे मी हे केले आणि सहाव्या वर्षी भिंत फोडली.

दारावरून आठवले. तुम्ही गॅरेज म्हणता, पण गाडी घरापर्यंत येते का? संगमेश्वर भागात पुष्कळ वाड्यांमध्ये रस्त्यापासून घरापर्यंत चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी असते. साडेचार फुटी लेथचे वजन चार-पाचशे किलोच्या घरात जाते. तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुना पण चांगला मिळेल, टेम्पोतून आंबा घाट उतरून रस्त्यापर्यंत सुखरूप येईल, पुढच्या २०० पावलांचे काय? बेड, हेडस्टॉक, मोटर, स्टँड असे भाग सुटे करून वासे आणि दोर लावून नेता येतात, पण त्यासाठी सहा माणसे, एक दिवस आणि कोरडी पाखाडी लागते. हे गणित यंत्राची किंमत ठरवण्यापूर्वी मांडा.

गोठ्यात पहिल्या पावसाळ्यात काय ठेवावे? काम करायचा एक भक्कम बाक, एक सहा इंची व्हाइस (बाकावरचा शिकंजा), बेंच ड्रिल, हाताचा ग्राइंडर, सुतारकामाची हातहत्यारे, बस्स. बाकाची उंची पुस्तकातून घेऊ नका. सरळ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाची घडी येते तेवढी रंधा मारायच्या बाकाची उंची असावी, आणि कोपर येते तेवढ्या उंचीवर कानस मारायच्या व्हाइसचे जबडे असावेत. म्हणजे एकाच बाकावर दोन्ही कामे नीट होत नाहीत, हे तुम्हाला आठवड्याभरात कळेल, आणि नव्या नकाशात दोन बाक येतील.

धातूकाम आणि सुतारकाम एका खोलीत करायचे तुमच्या नकाशात आहे, ते मात्र आताच खोडा. ग्राइंडरची ठिणगी भुशात पडली की भुसा धुमसत राहतो आणि दोन तासांनी, तुम्ही जेवून आडवे झाल्यावर, पेटतो. आग लागली नाही तरी लोखंडाचा बारीक चुरा सागाच्या किंवा ऐनाच्या ओलसर लाकडावर पडला की लाकडातल्या टॅनिनशी संयोग होऊन काळे डाग उमटतात आणि ते रंध्याने सहज जात नाहीत. मध्ये भिंत हवीच. चेतकचे काम करताना पेट्रोलची टाकी उतरवून वर्कशॉपच्या बाहेर ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर उलगडून वाळत घाला. लाकडाच्या धुळीबद्दल टूलरूमची सवय तुमच्या उपयोगाची नाही, म्हणून सांगतो: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. टेबल करवतीपूर्वी धूळ ओढणारे यंत्र घ्यायचे, आणि तोवर एन-९५ मास्क लावायचा.

विजेचा प्रश्न तुमच्या यादीत कोठेच नाही, कारण कारखान्यात तो दुसऱ्या विभागाचा असतो. दोन अश्वशक्तीची एकफेजी मोटर चालताना नऊ-दहा अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढते. गावच्या वाहिनीच्या टोकाला तुमचे घर असेल आणि संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर येत असेल, तर लेथची मोटर तापेल आणि एके दिवशी जळेल. एक साधा व्होल्टमीटर बोर्डावर बसवा आणि सकाळ, दुपार, रात्र असे आकडे वहीत चार महिने लिहा. तीनफेजी जोडणी मागायची की लहान मोटर घ्यायची, हे ती वही सांगेल. महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज त्यानंतर करा. वर्कशॉपची वायरिंग घरापासून स्वतंत्र, अर्थिंग स्वतंत्र, आणि ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षक स्विच पहिल्या दिवसापासून. पावसाळ्यात ओल्या पायाने आत येणाऱ्या माणसासाठी हे सांगत आहे.

त्याच वहीत दुसरा रकाना आर्द्रतेचा ठेवा. ती मोजणारा हायग्रोमीटर काही शे रुपयांत मिळतो. जुलैमध्ये काटा ९० टक्क्यांच्या वर सरकेल, आणि ड्रिलच्या बिडाच्या टेबलावर सकाळी घाम आल्यासारखे थेंब दिसतील. बोटाने पुसून पाहा. संध्याकाळपर्यंत त्या बोटाच्या ठशावर तांबूस झाक चढलेली असेल. यावर उपाय आहेत: जाड तेलाचा हात, वर सुती कापड (प्लास्टिक कधीही नाही, ते ओलावा आत कोंडते), आणि हत्यारांच्या बंद कपाटात तळाशी जळता ठेवलेला जुन्या पद्धतीचा ४० वॉटचा दिवा. त्याच्या उबेने कपाट बाहेरच्या हवेपेक्षा दोन-चार अंश गरम राहते आणि लोखंडावर दव धरत नाही. हे काम तुम्ही एका बाकासाठी आणि एका ड्रिलसाठी चार महिने रोज करून पाहा. त्यानंतर लेथ, टेबल करवत आणि रंधा मशीन यांच्यासाठीही ते करायची तुमची तयारी उरली असेल, तर ती यंत्रे जरूर घ्या. मी हे न करता आधी रंधा मशीन घेतले होते. दोन खिडक्यांपुरते वापरले. सध्या त्याच्या टेबलावर गवत पसरून आंबे पिकत घातलेले असतात, आणि त्या कामासाठी ते उत्तम आहे.

मुलाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. लेथ भाड्याने घेऊन कोणी छंद जोपासत नाही, पण वर्षातून दोनदा लागणारे काम देवरुख किंवा चिपळूणच्या दुकानातून करून आणण्यात कमीपणा नाही. पावसाळ्याच्या वहीत तिसरा रकाना याचाच असू द्या: कोणते यंत्र नसल्यामुळे कोणते काम अडले. तुमच्या १५ वर्षांच्या यादीतील किती यंत्रे त्या रकान्यात येतात ते पाहण्याची मलाही उत्सुकता आहे. माझा अंदाज तीनाचा आहे.

पैशांचे एवढेच सांगतो की, १२ लाखांपैकी चार लाखांना दोन वर्षे हात लावू नका. गोठ्याचा कोबा, छप्पर आणि वायरिंग यांचा खर्च उरलेल्या आठांतून करा, आणि दिवाळीनंतर नवे बांधायचे ठरलेच तर ते गोठ्याला लागून, मागच्या बाजूला, धातूकामासाठी वेगळी खोली म्हणून बांधा. मग १२ बाय १६ फूट पुरतील, आणि गोठा सुतारकामाला राहील. नवे जोते आसपासच्या जमिनीपेक्षा दोन फूट उंच घ्या, पण दारात पायरी न ठेवता लांब उतार करा. आज तुम्ही ५८ चे असाल, ७५ व्या वर्षी गॅस सिलिंडर किंवा सागाची फळी घेऊन पायरी चढायची नाही. रोजची हत्यारे गुडघा आणि खांदा यांच्या मध्ये ठेवा, बाकावर कारखान्यात असे त्याच्या दुप्पट उजेड घ्या, आणि वर्कशॉपपासून स्वयंपाकघरापर्यंत एक साधी बेल ओढा. गावी घरात पंचा नेसून वावरायची सवय लागते; पंचा आणि लेथ यांची गाठ पडू देऊ नका.

चेतकसाठी वर्कशॉपची वाट पाहायची गरज नाही. गाडी आता चिंचवडलाच असेल तर एप्रिलपर्यंतच्या रविवारी इंजिन उतरवा, कार्ब्युरेटर उघडा, कोणते भाग हवेत त्याची यादी करा आणि ते पुण्यातच विकत घ्या, कारण जुन्या स्कूटरचे सुटे भाग पुण्यात जसे शोधता येतात तसे देवरुखला येणार नाहीत. उघडलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून, वेगळ्या डब्यात ठेवा. गोठ्यात नेण्याच्या सामानात हे डबे सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे उतरवताना ते पहिले हाती येतील.